पडकईचा बांध

आमच्या घराच्या वरच्या अंगाला सहा खाचरं आहेत. खालून मोजत गेलं तर पहिली चार आज्याच्या हातची, पाचवं बाचं आणि सहावं माझं. नवख्या माणसाला सगळी सारखीच दिसतात. पण आषाढात झड लागली की वर जाऊन बघावं. बाच्या खाचराच्या बांधातून पाणी पाझरतं ते नितळ असतं, ओंजळीत घेऊन प्यावं असं. माझ्या खाचराच्या बांधातून 2013 च्या पावसाळ्यात जे पाणी आलं ते लाल होतं. बांधातून लाल पाणी आलं म्हणजे आतली माती चालली. त्या लाल पाण्याची ही हकिकत आहे, आणि तिच्या निमित्तानं आमच्याकडच्या पडकईचीही.

आमचा भाग म्हणजे आंबेगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा. डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या डोंगरालगत. शेजारी जुन्नरकडं मीना आणि कुकडीची खोरी, तिकडंही असाच डोंगर आणि अशीच खाचरं. वस्ती महादेव कोळ्यांची, थोडे ठाकर. तालुका एक, पण त्यात दोन मुलूख आहेत. पूर्वेला लोणी-धामणीकडं पावसाची वाट बघून डोळे दुखतात आणि आमच्याकडं चार महिने घोंगडी वाळत नाही. पाऊस एवढा, पण तो थांबत नाही. डोंगरावरून येतो आणि माती घेऊन घोड नदीत जातो. म्हणून आमच्या मुलखात शेती करायची म्हणजे आधी पाणी अडवायचं आणि माती धरायची. बी त्याच्यानंतर.

पडकई म्हणजे काय, हे आता आमच्या पोरांनाही सांगावं लागतं. दहा-पंधरा घरांनी एकत्र यायचं आणि पाळीपाळीनं एकमेकांच्या रानात काम करायचं. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. पैसा नाही. ज्याचं काम त्यानं दुपारची भाकरी द्यायची. शिमगा झाला की सुरू व्हायचं ते मिरीग तोंडावर येईपर्यंत चालायचं. उताराची जमीन फोडायची, दगडाचा ताल रचायचा, त्यामागं भर घालायची आणि भाताचं खाचर करायचं. एका घराला एका उन्हाळ्यात दोन-तीन गुंठे नवीन झाले तरी लई झाले. हिशोब वहीत नसायचा, तोंडी असायचा, आणि कुणी चुकवायचं नाही. आमच्या वाडीत बाईचा दिवस आणि गड्याचा दिवस एकच धरायचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी बाजारात बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा लागलेला पाहिला.

बाचं खाचर झालं तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. माझं काम पाणी पाजायचं आणि चिपा वेचायच्या. चिपा म्हणजे मोठ्या दगडांच्या फटीत ठोकायचे लहान दगड. आमच्यात ताल रचणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दगड हातात घेतला की त्याचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते बरोबर कळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी कुणालाच दगड लावू दिला नाही. आधी वरची वीतभर काळी माती खरवडून एका कडेला ढीग लावायला सांगितलं.

बा म्हणाला, "तात्या, दोन दिस ह्यातच जातील."

तात्या म्हणाले, "जाऊ दे. ही माती खाली गाडलीस तर वर काय मुरूम पेरशील का?"

मग पाया. कठीण मुरूम लागेपर्यंत चर खोदायचा. तळाला सगळ्यात थोरले दगड, पहारीनं सरकवत आणायचे. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे. ताल सरळ उभा करायचा नाही, डोंगराकडं थोडा कलता ठेवायचा. मातीचा लेप नाही, चुना नाही, कारण पाणी अडलं पाहिजे पण कोंडलं नाही पाहिजे. बांधातून पाणी पाझरायला वाट ठेवली तर बांध राहतो, वाट बंद केली तर पाणी बांधच उचलतं. एका कोपऱ्याला सांडवा, त्याच्या तोंडाशी सपाट दगड, म्हणजे खाली पडणारं पाणी खड्डा पाडत नाही. मागं मुरमाची भर, आणि शेवटी ती कडेला ठेवलेली काळी माती वर पसरायची. पहिल्या वर्षी त्यात भात लावला नाही, नाचणी लावली. माती बसायला तीन-चार पावसाळे लागतात. दर पावसाळ्यात बांधाला खेकड्यांची बिळं पडतात, ती बुजवायची. एवढं केलं की ते खाचर नातवंडांना पुरतं.

हे सगळं आमच्या लोकांना कुणी कृषी विद्यापीठात शिकवलं नव्हतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठच 1968 सालचं, म्हणजे बाच्या खाचराच्या वयाचं. पण ह्याचा अर्थ आमची शेती एकटी डोंगरात पडली होती असाही नाही. सरकारचा, सावकाराचा आणि शास्त्राचा हात तिला सारखा लागत आलाय. मी दहावीच शिकलो, 1976 साली. पण पुढं शिबिरांना जाऊन, मास्तर लोकांकडून पुस्तकं मागून थोडं वाचलं, त्यातून हे समजत गेलं.

जुन्नरच्या लेण्यांत शिलालेख आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासचे. त्यांतल्या एकात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याचं टाकं खोदून दिल्याचं लिहिलंय. दुसऱ्या एकात एका शक उपासकानं जमीन दान दिली आहे, वीस निवर्तनं करंजाची झाडं लावायला आणि नऊ निवर्तनं वडाची झाडं लावायला. मला एका प्राध्यापकांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं. देणगी सोन्याची देतात, देवळाची देतात, इथं तर जमिनीचं उत्पन्न झाडासाठी लावून दिलंय. करंजाचं तेल दिव्याला आणि पेंड खताला, हे शेतकऱ्याला सांगायला नको. झाड लावायचं तर नुसतं लावून होत नाही, त्याच्यामागं कायमची सोय लावावी लागते, हे त्या माणसाला कळत होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

इंग्रजांच्या राज्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. रोख सारा भरायचा म्हणून सावकार घरात आला आणि 1878 च्या जंगल कायद्यानं जंगल घराबाहेर गेलं. सावकारीविरुद्ध आमच्याच तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले उठला. त्याच्या टोळीनं सावकारांची नाकं कापली म्हणून अजून सांगतात. 1876 साली त्याला पकडलं. त्याच सुमाराला, 1875 साली, पुणे जिल्ह्यातच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. मग सरकारनं चौकशी केली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आमच्याकडं मात्र जी जमीन गेली ती बहुतेक गेलीच. नवीन जमीन करायची तर उतारावर, आणि पैसा नसताना करायची तर एकमेकांच्या हातांनी. पडकईची किंमत इथं आहे. सावकाराच्या दारात न जाता जमीन वाढवायची ती एक वाट होती.

जंगल कायद्याचा दुसरा फटका राबाला बसला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही पालापाचोळा, टाहाळं, शेण, गवत असे थर घालतो, वर माती टाकतो आणि उन्हाळ्यात भाजतो. त्यानं तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोरकस येतं. जंगल खात्याला ही झाडांची नासाडी वाटली. त्यावर मोठा वाद झाला. 1889 साली विलायतेहून वेलकर नावाचे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती तपासायला आले, त्यांचा अहवाल 1893 ला निघाला. त्यात राबाचाही विचार आहे. आणि इथला शेतकरी विलायतेतल्या साधारण शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसही आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. सरकारी माणसानं आधी बघावं आणि मग बोलावं, याचा हा जुना नमुना.

तसेच पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन. त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव घर न् घर तपासलं आणि 1917 साली पुस्तक काढलं. त्या गावात 1771 साली सरासरी खातं 40 एकरांचं होतं, ते 1915 ला 7 एकरांवर आलं होतं. पुढं 1921 साली शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचाही तसाच अभ्यास निघाला. पिंपळे सौदागरला आता शेत औषधालाही उरलं नाही, सगळ्या इमारती. पण आकडा आमच्या घरालाही लागू आहे. आज्याची चार खाचरं बा आणि चुलत्यात वाटली, मग आम्हा भावाभावांत. माझ्या वाट्याला वरची, धाकट्या भावाच्या वाट्याला खालची. वाटणी कागदावर होते, पाणी मात्र वरून खालीच जातं. वरच्याची चूक खालच्याला भोगावी लागते.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आम्हीही खडी फोडायला गेलो, मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. साऱ्या देशाला असा कायदा 2005 साली मिळाला. कामाचा हक्क देणारी ही योजना लाखमोलाची, यात शंका नाही. पण बरीच वर्षं काम म्हणजे रस्ता, पाझर तलाव, नालाबंडिंग. स्वतःच्या रानातला ताल रचणं हे सरकारी हिशोबात काम नव्हतं, ती खाजगी जमीन. म्हणजे उन्हाळ्यात दुसरीकडं जाऊन दगड फोडला तर रोज मिळायचा, आणि घरच्या रानात तोच दगड लावला तर काही नाही. पोटाला पैसा लागतोच. माणसं पडकई सोडून रोजावर जायला लागली.

त्यात धरण आलं. डिंभ्याच्या कामावर बा स्वतः मजुरीला होता. ज्या भिंतीला त्यानं दगड वाहिले तिच्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव आणि आसपासची गावं गेली. ज्या गावाच्या नावानं तालुका ओळखला जातो तेच पाण्याखाली. नदीकाठची सपाट, कसदार भातखाचरं गेली आणि माणसं वर सरकली, उताराला. कुकडी प्रकल्पातली पाच धरणं, डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे. त्यांचं पाणी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाला, शिरूरला, पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. तिकडं ऊस झाला, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार झाला, द्राक्षं झाली. मला त्याचा हेवा नाही. कोरडवाहू माणसाच्या रानात पाणी आलं तर चांगलंच. पण आमच्या उशाशी एवढं पाणी असून ते उचलायची ताकद आमच्यात नव्हती, आणि आमची पोरं नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभी राहून त्याच पाण्यावरचा टोमॅटो खुडायला लागली.

अशा वेळी शाश्वत संस्था आमच्या भागात काम करत होती, कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांची. आता शाश्वत शेती हा शब्द कुठल्याही सभेत ऐकू येतो, पण आमच्याकडं ते आधी एका संस्थेचं नाव होतं. धरणग्रस्तांना जलाशयात मासेमारीचा हक्क मिळावा, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेता यावं, यासाठी लोक संघटित झाले. त्याच्या जोडीला पडकई. त्यांचं म्हणणं साधं होतं. पडकई हेच रोजगार हमीचं काम धरा. माणसाला रोज मिळेल, वर जमीनही कायमची होईल. पाझर तलाव चालतो तर खाचर का नाही? बऱ्याच खेपा, मोर्चे, अर्ज झाले. शेवटी सरकारला ते पटलं आणि आदिवासी भागासाठी पडकई विकास कार्यक्रम या नावानं योजनाच आली. आमच्या म्हाताऱ्यांना हसू यायचं. जे बिनपैशाचं आमच्या घरात होतं ते सरकारी शिक्का मारून परत आलं. पण आलं हे बरंच झालं.

2012 साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक शाश्वत संस्थेला मिळालं. जगभरातल्या ज्या पंचवीस संस्थांना त्या वर्षी ते दिलं त्यात ही एक. त्याच वर्षी फिलिपीन्समधल्या इफुगाव लोकांची भातखाचरं जागतिक वारशाच्या धोक्याच्या यादीतून बाहेर काढली. ती खाचरं 1995 साली वारसा म्हणून जाहीर झाली आणि 2001 साली धोक्यात गेली, कारण तरुण पोरं शहराकडं निघाली आणि बांधांकडं कुणी बघेना. मी तिथले फोटो पाहिलेत. डोंगर मोठे, खाचरं आमच्यासारखीच. दुखणंही आमच्यासारखंच.

भाताचंही सांगायला हवं. जुने वाण आमच्याकडं रायभोग, आंबेमोहोर, जिरवेल. वास असा की शिजला तर शेजारी कळायचं, पण उत्पन्न कमी आणि वारं आलं की लोळायचा. त्याच फिलिपीन्सच्या आयआर 8 या बुटक्या भाताचा आणि आपल्या आंबेमोहोर 157 चा संकर करून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं इंद्रायणी काढला, 1987 साली. वास आपला, अंगकाठी परकी. तो चालला. मग डॉ. सावंतांची चारसूत्री पद्धत आली. रोपाला भाताच्या तुसाची काळी राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर नेमक्या अंतरानं लावणी, आणि चार चुडांच्या चौकात युरिया-डीएपीची एक गोळी मातीत खोचायची. गोळी खोल असल्यानं खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. मी बांधावर गिरिपुष्प लावला आणि राबासाठी टाहाळं तोडणं निम्म्यावर आणलं. राखेचा गुण शास्त्रानंही मान्य केला आणि झाडंही वाचली. दोन्ही बाजूंनी थोडं ऐकलं की असं होतं.

एवढं सगळं कळत असून मी चूक केली.

सहावं खाचर काढायचं मनात होतं. योजनेत नंबर लागायला वेळ होता, वाडीत माणसं जमत नव्हती. ज्याला विचारावं तो रोजावर. 2012 च्या उन्हाळ्यात खालच्या रस्त्याच्या कामाला मशीन आलं होतं. मी बैलजोडी विकली आणि ते मशीन वर चढवलं. बायको म्हणाली, "बैल इकून माती उकरताय, मग चिखल कशानं करणार?" मी म्हणालो, भाड्यानं ट्रिलर आणू. दोन दिवसांत दहा गुंठे सपाट झाले. बानं आणि पंधरा घरांनी जे तीन उन्हाळ्यांत केलं त्याच्या दुप्पट. मला स्वतःचं कौतुक वाटलं. काळी माती कधी खाली गेली आणि मुरूम कधी वर आला ते मी उभा राहून बघितलं, पण थांबवलं नाही. मशीनचं भाडं तासावर होतं. बांध म्हणजे ढकललेल्या मातीचा ढीग, त्यात दगड गाडलेले, रचलेले नव्हेत. सांडवा नंतर करू म्हटलं.

पहिल्या वर्षी भात वीतभर वाढून पिवळा पडला. दुसऱ्या वर्षी, 2013 च्या पावसाळ्यात, तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी बांधातून लाल पाणी येताना दिसलं. मी आणि पोरगा फावडी घेऊन धावलो, पण दुपारच्या आत बांध पोटातून फुटला. ती सगळी भर बाच्या पाचव्या खाचरावरून खाली भावाच्या खाचरांत गेली. बाचा ताल एका ठिकाणी ढासळला, बाकी उभा राहिला. भावाची लावणी नुकतीच झाली होती. वर कंबरभर मुरूम. त्याचं वर्षाचं भात गेलं.

भाऊ आला, बघितलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तात्या असते तर त्यांनी तुला हे करू दिलं असतं का?" आणि गेला. त्या दिवसापासून त्याच्या घरचं बोलणं बंद झालं. मी अर्धं भात त्याच्या दारात नेऊन ठेवलं, ते त्यानं घेतलं, पण ओटीवर ये म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी, 30 जुलै 2014 ला, माळीण झालं. आमच्याच तालुक्यातलं गाव. सकाळी डोंगर खाली आला. एसटीच्या ड्रायव्हरला रोजच्या ठिकाणी गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. दीडशेच्या वर माणसं गेली. आम्हीही गेलो होतो मदतीला. चिखलाखेरीज काही दिसत नव्हतं, आणि पाऊस थांबत नव्हता. माळीणवर पुष्कळ तज्ज्ञ येऊन गेले. अतोनात पाऊस, तीव्र उतार, झिजलेला खडक, तुटलेली झाडं, आणि उतारावर यंत्रानं केलेलं सपाटीकरण, या सगळ्यांची चर्चा झाली. कारण एकच होतं असं म्हणायचा अधिकार मला नाही, आणि मेलेल्या माणसांच्या नावावर शेतीचा दोष लावायचाही नाही. पण त्या रात्री घरी आलो तेव्हा मला झोप लागली नाही. माझ्या बांधाखाली भावाचं खाचर होतं म्हणून भात गेलं. त्या जागी त्याचं घर असतं तर?

2015 च्या शिमग्यानंतर मी वाडीत घरोघर गेलो. पडकईला या म्हणालो, फुटका ताल रचायचाय, आणि आधी भावाच्या खाचरातला मुरूम काढायचाय. काही हसले. सात घरं तयार झाली. ताल रचणारे तात्या केव्हाच वारले होते, त्यांच्या हाताखाली शिकलेला एकच म्हातारा राहिला होता, त्याला खाटेसकट वर नेऊन बसवला. तो बसल्या जागेवरून सांगायचा, आम्ही लावायचो. पहिले दोन दिवस भाऊ आला नाही. तिसऱ्या दिवशी पहार घेऊन आला, माझ्याकडं न बघता दगडाला लागला. दुपारी भाकरी खाताना त्यानं माझ्या बायकोकडं कांदा मागितला. तेवढ्यावर भागलं.

दहा गुंठ्यांचं खाचर पुन्हा केलं तेव्हा साडेतीन गुंठेच झालं. बाकीचा उतार सोडून दिला, त्यावर हिरडा, करंज आणि गिरिपुष्प लावला. तीन वर्षं नाचणी घेतली, मग इंद्रायणी. आता त्या बांधातून पाणी नितळ येतं.

मशीन वाईट असं मी म्हणत नाही. सपाट रानात त्याचं काम आहे, मोठा दगड हलवायलाही आहे. माणसं मिळत नाहीत हेही खरं. पोरांनी रोजावर जाऊ नये, फुकट पडकई करावी, असं सांगायला मला तोंड नाही. त्यांना मोबाईलचा, शाळेचा, दवाखान्याचा पैसा लागतो, आणि तो भाकरीत मिळत नाही. म्हणून तर पडकईला रोजगार हमीचा रोज हवा. रोज सरकारचा आणि रीत आमची, असं दोन्ही जुळलं तरच ती टिकेल. पण योजना मार्चअखेरीला संपते आणि खाचर तीन पावसाळ्यांनी कळतं. किती घनमीटर माती हलली त्यावर पैसे निघतात, किती माती जागेवर राहिली हे बघायला कुणी येत नाही. माझं खात्यातल्या साहेबांना इतकंच सांगणं असतं, की थोडा पैसा मागं ठेवा. तीन पावसाळ्यांनी बांध उभा असेल तर द्या, आणि खेकड्याची बिळं बुजवायलाही काही द्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दात्यानं झाडाच्या मागं जमीन लावून दिली होती. आपण बांधाच्या मागं काय लावून देतो?

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात राखलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या वाडीतल्या बायांनी रायभोगाची दोन मडकी माळ्यावरून खाली काढली. एक किडलं होतं, एक उगवलं. बी राखता येतं तसा तालही राखता येतो, फक्त त्याला मडक्यात ठेवता येत नाही. तो हातात ठेवावा लागतो, आणि हात म्हातारे होत चाललेत.

माझा पोरगा नारायणगावला टेम्पो चालवतो. गेल्या पावसाळ्यात रजेवर आला होता. रात्रभर पाऊस होता. पहाटे उठून बघतो तर अंथरुणात नाही. इरलं घेऊन वर गेलो. तो सहाव्या खाचराच्या बांधाशी वाकून बसला होता, बॅटरी दातात धरून. खेकड्याचं बीळ सापडलं होतं, चिपा ठोकत होता. मला बघून म्हणाला, "बा, आधी बारकी लावायची का थोरली?"

मी म्हणालो, "आधी आत हात घालून बघ, खेकडा हाय का."